राखलेलं रान

माझा धाकटा चौथीत शिकतो. दिवाळीच्या सुट्टीत त्याने एकच धोशा लावला, "अम्मी, मला जंगल बघायचंय. पुस्तकातलं नको, खरं."

पाचोडच्या मुलाला जंगल दाखवायचं म्हणजे पंचाईतच. आमच्याकडे नजर जाईल तिथवर कापूस, तूर, ऊस आणि मोसंबीच्या बागा. झाड म्हणजे बांधावरची एखादी बाभूळ, नाहीतर मशिदीच्या आवारातला कडुनिंब. कन्नडकडे गौताळ्याचं अभयारण्य आहे, पण तिथली चढण अब्बांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, झेपली नसती. त्यांची सत्तरी उलटली आहे. शेवटी मुलांचे अब्बू म्हणाले, "बीडजवळ पालवनला उजाड डोंगरावर झाडं लावून रान उभं केलंय. सगळा रस्ता हायवेचा. सकाळी निघालो तर मगरिबच्या आत घरी येऊ."

रानाचं नाव ऐकून सासूबाई थबकल्या. "सह्याद्री देवराई? म्हणजे देवळाचं रान? आपलं तिथं काय काम?"

मी शाळेत मराठीही शिकवते, तेव्हा समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. जुन्या काळी कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांत लोक रानाचा एक तुकडा देवाच्या नावाने राखून ठेवत. तिथे कुऱ्हाड चालवायची नाही, लाकूड न्यायचं नाही, असा गावाचा कायदा असे. त्या तुकड्याला देवराई म्हणतात. पालवनला जुनी देवराई नव्हती. तिथे वनखात्याची उघडी जमीन होती. अभिनेते सयाजी शिंदे आणि त्यांच्या सोबत्यांनी लोकांच्या मदतीने तिथे झाडं लावली आणि रान राखण्याची जुनी कल्पना म्हणून नावही तेच ठेवलं. सासूबाईंचं समाधान झालं. डबा कोणता करायचा, इथपर्यंत त्या आल्या.

अब्बांचं मात्र वेगळंच होतं. "झाडं बघायला एवढं डिझेल जाळायचं?" एवढंच म्हणून ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्यांना का यायचं नव्हतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तेरा सालचा उन्हाळा

आमची साडेतीनशे झाडांची मोसंबी होती. जात न्यूसेलर. अब्बांनी एकेक खड्डा स्वतः उभं राहून घेतलेला. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा बाग ऐन भरात होती. आंबिया बहाराचा माल निघाला की पाचोडच्या मोसंबी बाजारात आमची गाडी लागायची आणि पहिली टोपली मात्र घरच्यांसाठी बाजूला निघायची.

२०१२ चा पावसाळा कोरडा गेला आणि २०१३ चा उन्हाळा मराठवाड्यातल्या बागायतदारांच्या मुळावर आला. औरंगाबाद आणि जालना जिल्ह्यांत हजारो शेतकऱ्यांनी विकतच्या टँकरने बागा जगवायचा प्रयत्न केला. आम्हीही केला. माझ्या दोन बांगड्या त्यात गेल्या, त्याचं मला काही वाटलं नाही. पण एप्रिलमध्ये पानं मुडपली, फांद्या शेंड्याकडून वाळत खाली आल्या. मे महिन्यात अब्बांनीच कुऱ्हाड लावायला सांगितलं. मोसंबीचं लाकूड सरपण म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून गेलं. शेवटची ट्रॉली फाटकातून बाहेर पडली तेव्हा अब्बा विहिरीच्या कठड्यावर पाठ करून बसले होते.

त्यानंतर त्या रानात आम्ही कापूस आणि तूर घेतो. अब्बांनी पुन्हा एकही झाड लावलं नाही. शाळेत वृक्षारोपण असलं आणि मी घरी एखादं रोप आणलं, तरी ते म्हणत, "पाणी ज्याच्या हातात नाही, त्याने झाडाला हात लावू नये."

तर असे आमचे अब्बा. नातवाने हाताला धरून गाडीत बसवलं, म्हणून ते आले.

आपल्याकडचा शरद

फजरनंतर नाश्ता करून निघालो. वडीगोद्री मागे टाकून शहागडला गोदावरीचा पूल लागला. पावसाळा चांगला झाल्यामुळे नदीला पाणी होतं. मुलांनी गाडी थांबवायला लावली. पुढे गेवराई. दोन्ही बाजूंनी कापसाची वेचणी चाललेली, बाया ओटी बांधून सरीत वाकलेल्या. बीड जवळ आलं तशा रस्त्याकडेला सीताफळांच्या टोपल्या दिसू लागल्या. बालाघाटच्या डोंगरातलं हे फळ. खडकाळ जमिनीत, फारशी निगा नसताना येतं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. सासूबाईंनी एक टोपली घासाघीस करून घेतली.

थोरली नववीत आहे. तिने प्रश्न काढला, "अम्मी, शरद म्हणजे पानगळ ना? इंग्रजीच्या पुस्तकात सगळी झाडं लाल-पिवळी असतात." तो थंड देशांचा शरद. आपल्याकडे पानगळ होते माघ-फाल्गुनात, उन्हाळ्याच्या तोंडाशी, कारण इथलं झाड थंडीसाठी नव्हे तर पाणी वाचवण्यासाठी पानं टाकतं. आश्विन-कार्तिकात आपली झाडं हिरवीच असतात, पिवळं पडतं ते गवत. जमिनीत ओल असते, आभाळ धुतल्यासारखं निळं असतं, सकाळी दव आणि दुपारी चटका. मराठवाड्यात रान बघायचं तर याच दिवसांत. चार महिन्यांनी तेच रान करपलेलं दिसतं.

पालवनचा डोंगर

आधीच सांगून टाकते, घनदाट अरण्य बघायला मिळेल अशा अपेक्षेने कुणी पालवनला गेलं तर ते निराश होईल. झाडं तरुण आहेत. काही डोक्यावरून गेलेली, काही अजून खांद्याएवढी. मधेमधे मुरूम उघडा दिसतो. पण आजूबाजूच्या बोडक्या माळाकडे बघून मग इथे नजर वळवली, की काय घडलंय ते कळतं.

गवत गुडघ्याच्या वर होतं, सोनेरी. कुसळं सलवारीच्या पायांना चिकटून बसली आणि पुढचा तासभर मुलांचा खेळ तोच झाला. तरवडाला पिवळी फुलं होती. तरवडाच्या पाल्यावर फिकट पिवळी फुलपाखरं अंडी घालतात, कारण त्यांच्या अळ्यांचं अन्न तेच. धाकट्याने पानाखाली हिरवी अळी शोधलीच. बोरीला बारीक फुलं आली होती, त्यावर माश्यांची गुणगुण. तारेवर कोतवाल, झुडपात बुलबुल, आणि हवेत झेप घेऊन किडा पकडून परत त्याच फांदीवर येणारा वेडा राघू. ज्या मुलांना घरी दहा मिनिटं मोबाइलशिवाय बसवत नाही, ती एका वेड्या राघूच्या फेऱ्या मोजत बसली. सतरा मोजल्या.

वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, चिंच अशी ओळखीची झाडं बघून सासूबाई म्हणाल्या, "ही तर आपलीच झाडं आहेत. मला वाटलं, बागेसारखी शोभेची असतील." पालवनची हीच गोष्ट मला आवडली. इथे फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्षसंमेलन भरलं होतं. लेखक अरविंद जगताप आणि सयाजी शिंदे त्यामागे होते आणि संमेलनाचं अध्यक्षपद चक्क एका वडाच्या झाडाला दिलं होतं. ऐकताना गंमत वाटते, पण निवड विचार करण्यासारखी आहे. वडाला वर्षातून अनेकदा फळं येतात. ती फळं एका बारीकशा कीटकावाचून तयार होत नाहीत, आणि तो कीटक वडाच्या फळावाचून वाढत नाही. फळं पाखरं खातात, दूरवर बिया टाकतात. एक वड जगला की तो पुढची झाडं स्वतःच लावतो.

"मेलेलं उपटायचं, तिथंच दुसरं लावायचं"

अब्बा एका दगडावर टेकले होते. जवळच पन्नाशीचा एक मजूर झाडांची आळी साफ करत होता. बराच वेळ बघून अब्बांनी विचारलं, "काय भाऊ, एवढ्या झाडाला पाणी कुठून आणलं?"

शेतकऱ्याचा प्रश्न. आमच्यापैकी कुणालाच तो सुचला नव्हता.

"पहिले दोन-तीन उन्हाळे हातानं घालावंच लागतंय, चाचा. त्याला इलाज नाही," तो म्हणाला. "पण सगळं टँकरवर भागत नसतंय. चर खोदून पावसाचं पाणी माळातच मुरवायचं. बुडाला पालापाचोळा टाकायचा. अन् मग शेळ्या अन् आग, ह्या दोन्हीपासून राखायचं."

"मरत असतील की?"

"मरत्यात तर! मेलेलं उपटायचं, पुढच्या पावसात तिथंच दुसरं लावायचं."

अब्बा त्यावर काहीच बोलले नाहीत. पण त्या माणसाने खुरपं बाजूला ठेवलं तेव्हा त्यांनी ते उचललं आणि एका करंजाचं आळं नीट करून दिलं. गुडघे दुखतात म्हणून घरात खाली न बसणारा माणूस मुरमात उकिडवा बसला होता. मी मुलांना तिकडे जाऊ दिलं नाही.

त्या मजुराने चार वाक्यांत जे सांगितलं, तेच उजाड जमीन सावरण्याचं शास्त्र आहे. उतारावर एकाच पातळीत खणलेल्या सलग समतल चरांमुळे धावणारं पाणी थांबतं, मुरतं, माती वाहून जात नाही. चराई थांबली की आधी गवत येतं. गवताची मुळं माती धरून ठेवतात. मग झुडपं, आणि झुडपांच्या सावलीत झाडाचं रोप तग धरतं. बऱ्याच बिया आणि जुनी खोडं मातीत असतातच. त्यांना फक्त कुणी ओरबाडू नये लागतं. पावसाळ्यात वाढलेलं हेच गवत उन्हाळ्यात मात्र वैरी होतं. एक विडी पुरते. म्हणून वाळलेल्या गवताचे पट्टे आधीच काढून जाळरेषा करावी लागते. पालवनच्या या रानालाही आगीचे चटके बसले आहेत आणि पुन्हा लावणी झाली आहे.

याचं मोल कळायला एकच आकडा पुरे. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनुसार देशाची एक तृतीयांश जमीन झाडांखाली असावी. बीड जिल्ह्यात जंगलाचं क्षेत्र तीन टक्क्यांहूनही कमी आहे. आमच्या मोसंबीच्या बागा वाळल्या त्याला पावसाने दिलेली दगा हे एक कारण खरं. पण पडलेला पाऊस धरून ठेवायला डोंगरावर काही उरलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

आणि हे केवळ डोंगरावरच होतं असं नाही. मुंबईत धारावीच्या शेजारी, मिठी नदीच्या काठाला महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. त्या जागी शहराचा कचरा टाकला जायचा. त्याच कचऱ्यावर माती घालून झाडं लावली गेली आणि १९९४ मध्ये ३७ एकरांचं ते उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आज तिथे पाखरं आणि फुलपाखरं बघायला शाळांच्या सहली जातात. कचऱ्यावर रान होऊ शकतं, तर मुरमावर का नाही?

आपलीही एक परंपरा आहे

डबा सोडून बसलो. ज्वारीच्या भाकरी, अंड्याची भुर्जी, शेंगदाण्याची चटणी आणि मग सीताफळं. जेवताना सासूबाईंनी पुन्हा विषय काढला, "रान राखायची गोष्ट चांगली आहे. आपल्यात असं काही आहे का गं?"

आहे. अरबस्तानात 'हिमा' नावाची रीत होती. पाणी आणि गवत जपण्यासाठी राखून ठेवलेली जमीन. इस्लामपूर्व काळात बलवान सरदार स्वतःच्या जनावरांसाठी अशी जमीन अडवत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती मक्तेदारी मोडली आणि हिमा सर्वांच्या हितासाठी ठेवली. मदीनेच्या परिसरात झाडं तोडायची नाहीत, शिकार करायची नाही, असा नियम त्यांनी घालून दिला. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी राखलेल्या कुरणात गरिबाच्या थोडक्या जनावरांना मज्जाव करू नये, अशी ताकीद रखवालदाराला दिली होती. म्हणजे रान राखायचं, पण गरिबाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. आजच्या वनखात्यालाही उपयोगी पडेल असा विचार चौदाशे वर्षांपूर्वीचा आहे.

आणि झाड लावणाऱ्याबद्दलची हदीस तर घराघरांत ठाऊक आहे. लावलेल्या झाडाचं जे काही माणूस, जनावर किंवा पाखरू खाईल, ते लावणाऱ्याच्या नावे सदका म्हणून लिहिलं जातं. ती सांगताना माझी नजर चुकून अब्बांकडे गेली. सासूबाई सीताफळ फोडत सहज म्हणाल्या, "मग आपल्या मोसंबीचं पाखरांनी काय कमी खाल्लं? ते सगळं जमा असेलच की. बाग वाळली म्हणून ते थोडंच पुसलं जातंय."

बारा वर्षांत त्या बागेबद्दल घरात इतकं उघडपणे कुणी बोललं नव्हतं.

बावडी आणि कब्रस्तान

परतण्याआधी बीडच्या दक्षिणेला असलेली खजाना बावडी मुलांना दाखवली. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, १५८२ मध्ये, बीडचा जहागीरदार सलाबत खान याने ती बांधली. दुष्काळातही तिचं पाणी आटत नाही, अशी तिची ख्याती आहे, आणि त्या पाण्यावर आसपासची शेती पिकत आली आहे. साडेचारशे वर्षांपूर्वी कुणी विचार केला, आणि त्याच्या ओळखीचंही नसलेलं शेत आज भिजतंय. अब्बा कठड्यापाशी उभे राहून पाणी बघत राहिले.

गाडीत बसल्यावर माझ्या मनात एक गोष्ट घोळत राहिली. आपल्याकडे डोंगर नाही, वनखात्याची जमीन नाही. पण राखलेली जमीन आहे, प्रत्येक गावात. आपलं कब्रस्तान. तिथे नांगर चालत नाही, घर बांधलं जात नाही. म्हणून तर अनेक गावांत जुने कडुनिंब आणि चिंचा कब्रस्तानातच उरल्या आहेत. आमच्या नात्यातल्या एका गावी मात्र बरातीच्या आधी सफाई म्हणून गवत पेटवून दिलं. गवताबरोबर एक जुना कडुनिंब बुंध्यापासून होरपळला. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. काम लवकर उरकायचं होतं, एवढंच.

काटेरी झुडपं हाताने काढता येतात. कबरींच्या वाटा मोकळ्या ठेवून बाकीचं गवत पावसाळाभर राहू देता येतं आणि उन्हाळ्याआधी कापून गुरांना देता येतं. कडेने कडुनिंब, करंज, चिंच, बोर लावता येते. राहिला पाण्याचा प्रश्न. मशिदीत दिवसातून पाच वेळा वुजूचं पाणी गटारात जातं. ते एका टाकीत धरलं आणि पोरांनी आठवड्यातून दोनदा डब्याने घातलं, तरी पंधरा-वीस रोपं पहिले तीन उन्हाळे जगतात. वर्गणी लागणार नाही. लागेल तो कुणीतरी सलग तीन वर्षं लक्ष ठेवणारा माणूस. रोप लावताना फोटोला गर्दी होते. एप्रिलमध्ये पाणी घालायला कुणी नसतं. खरी अडचण तिथे आहे.

जाणार असाल तर

सुट्टीत सहकुटुंब जायचं असेल तर ऑक्टोबर ते जानेवारी हे दिवस बरे. सकाळी लवकर पोचा, दुपारचं ऊन अजूनही लागतं. प्यायचं पाणी भरपूर बरोबर घ्या, वुजूसाठी एक जादा बाटली असू द्या. कुसळांमुळे मुलांना पायघोळ कपडे आणि बूट घाला. चूल पेटवू नका, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना गाडीतच समज द्या. प्लॅस्टिक परत आणा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मागे ठेवू नका. त्यांना झाडांची नावं माहीत असतात, आपल्याला नसतात.

मगरिबच्या जरा आधी पाचोडला पोचलो. मी डबे उतरवत होते. अब्बांनी खिशातून रुमाल काढला. रुमालात सीताफळाच्या काळ्या बिया होत्या. जेवताना सगळ्यांच्या ताटाकडच्या त्यांनी गुपचूप वेचून घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना भोकं पाडली, माती आणि शेणखत भरलं आणि नातवाला शेजारी बसवून एकेका पिशवीत दोन-दोन बिया टोचल्या. "थंडीत उगवायला वेळ लागतो," ते म्हणाले. "उगवलं तर पावसाळ्यात बांधावर लावू. नाही उगवलं, तर पुन्हा टोचू."

हे लिहितेय तेव्हा चोवीस पिशव्या ओट्याच्या कडेला ओळीने मांडलेल्या आहेत. अजून एकाही पिशवीत कोंब दिसत नाही. अब्बा रोज फजरच्या वुजूनंतर लोट्यात उरलेलं पाणी थोडं थोडं करून त्यांना घालतात.